अ.पा.क.

लालबाग-परळच्या जुन्या चाळींत माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असतेच. लग्नातला शालू, गिरणीचं ओळखपत्र, जुनं रेशनकार्ड आणि त्या सगळ्याच्या तळाशी घडी करून ठेवलेला गावच्या जमिनीचा सातबारा. आजोबा रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून गिरणीत आले, दहा बाय बाराची खोली मिळाली, पण गावाकडची चार-सहा गुंठे जमीन नावावर राहिली. घरातला कर्ता माणूस अकाली गेला, की वारस म्हणून मुलांची नावं त्या उताऱ्यावर चढतात. ज्याला अठरा पूर्ण झालेली नाहीत, त्याच्या नावापुढे तीन अक्षरं पडतात: अ.पा.क. अज्ञान पालनकर्ता. त्याच्यापुढे आईचं, नाहीतर चुलत्याचं नाव.

कायद्याच्या मराठीत अठराच्या आतला तो 'अज्ञान' आणि अठरा पूर्ण झालेला 'सज्ञान'. शब्द टोचणारा आहे. दिवसा दुकानात काउंटर सांभाळून संध्याकाळी परळच्या रात्रशाळेत दहावीला बसणारा मुलगा, आजारी आईचे केसपेपर घेऊन केईएमच्या रांगेत उभी राहणारी सोळा वर्षांची मुलगी, हे दोघंही त्या कागदावर अज्ञानच. घर तेच चालवत असले, तरी सही मात्र दुसऱ्याची.

अशा मुलाने किंवा मुलीने उद्या म्हटलं, की मला या घरापासून कायद्याने मोकळं व्हायचं आहे, माझी सही मला द्या, तर?

काही देशांत याला सरळ उत्तर आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १४ वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतः कोर्टात अर्ज करतं. आईवडिलांच्या संमतीने किंवा त्यांची हरकत नसताना आपण वेगळे राहतो, आपला पैसा आपण सांभाळतो आणि तो सरळ मार्गाने येतो, एवढं त्याला दाखवावं लागतं. अर्जाचा छापील नमुना कोर्टच देतं आणि वकिलाशिवायही तो भरता येतो. फ्रान्समध्ये १६ नंतर अशी मोकळीक मिळते, पण तिथे मागणी बहुधा आईवडिलांनीच करायची असते. हॉलिवूडची ड्र्यू बॅरिमोर किशोरवयातच अशी कायद्याने स्वतंत्र झाली होती. अशा बातम्या मोबाइलवर वाचून इथल्या मुलांनाही वाटतं, की आपल्याकडेही असा अर्ज असेल.

तो नाही. भारतातलं कुठलंच कोर्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मुदतीआधी सज्ञान ठरवत नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने अठराची रेषा आखली. कोर्टाने पालक नेमला असेल तर ती रेषा एकवीसवर जायची. १९९९ च्या दुरुस्तीनंतर सगळ्यांसाठी ती अठराच झाली. रेषेच्या अलीकडे केलेला करार मुळातच रद्द. कोलकात्याच्या एका अल्पवयीन मुलाने घर गहाण टाकून घेतलेल्या कर्जाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली हे ठरवून टाकलं आणि ते आजही तसंच लागू आहे. म्हणून सतरा वर्षांच्या मुलीला दादरला भाड्याने खोली घ्यायची असेल, तर तिच्या हातात पगार असूनही करारावर तिची सही चालत नाही.

कायदा मुलाला मोठेपण देतो ते तुकड्यातुकड्याने. दहाव्या वर्षानंतर बँकेत स्वतःचं खातं स्वतः चालवता येतं. चौदानंतर धोक्याची नसलेली कामं करता येतात. सोळाव्या वर्षी विनागिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं. मतदान आणि करार अठराला, मुलाचं लग्न एकवीसला.

आणि लग्नाच्या बाबतीत याच १८७५ च्या कायद्याने एक मोठी फट मोकळी सोडली होती. लग्न, घटस्फोट आणि दत्तक यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे दहा रुपयांच्या करारावर सही करायला अठरा वर्षं पूर्ण हवीत, पण अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न जन्मभर बांधून ठेवू शकत होतं. हा कायदा आला त्याच सुमाराला मुंबईत अकरा वर्षांच्या एका मुलीचं लग्न लागलं. तिचं नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच गेले. सुतार समाजात विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक होती, आणि आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी लेकीच्या नावावर करून दिली. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. रखमाबाईंचं लग्न सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातल्या, एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लागलं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. आईच्या आणि सावत्र वडिलांच्या घरी राहिल्या, मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत राहिल्या. वय वाढत गेलं आणि त्याबरोबर नकारही पक्का होत गेला.

१८८४ साली दादाजींनी पत्नीला नांदायला पाठवावं म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. तेव्हा रखमाबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. फोर्टमधली हायकोर्टाची ती दगडी इमारत बांधून होऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. २१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. नांदायला लावण्याचा इंग्रजी कायदा जाणत्या वयात संमतीने लग्न केलेल्यांसाठी आहे, आणि या बाईचं लग्न तिला काही कळायच्या आत लावून दिलेलं आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'ए हिंदू लेडी' या नावाने बालविवाहावर पत्रं छापून आली होती. ती लिहिणाऱ्या रखमाबाईच होत्या. सखाराम अर्जुन त्याच वर्षी वारले. म्हणजे ऐन खटल्यात घरातला आधार गेला आणि पुढची लढाई आई आणि लेक यांच्यावर आली.

अपिलात निकाल फिरला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग चालेल असं कळवलं. बचाव समिती उभी राहिली, वर्तमानपत्रांत महिनोन्महिने वाद झडला. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि तडजोड झाली. पुढच्या वर्षी रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, १८९५ साली सुरतेच्या रुग्णालयात रुजू झाल्या. २५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदी ओलांडून, त्यांचं निधन झालं.

ही गोष्ट शूर बाईची म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण सुटका शोधणाऱ्या मुलांसाठी तिच्यातली दुसरी बाजू जास्त कामाची आहे. 'मला स्वतंत्र करा' असं म्हणायला रखमाबाईंना कायद्यात जागाच नव्हती. लहानपणी माझ्या वतीने दुसऱ्यांनी केलेला सौदा माझ्यावर बांधील नाही, एवढंच त्या म्हणू शकत होत्या. तेवढ्यासाठी त्यांना चार वर्षं आणि दोन हजार रुपये मोजावे लागले. आज हेच वाक्य कायद्यात लिहिलेलं आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे लहानपणी लावलेलं लग्न ज्याचं लागलं त्याला रद्द करून घेता येतं. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत मुदत आहे, म्हणजे मुलीला विसाव्या वाढदिवसापर्यंत. अठराच्या आत अर्ज करायचा असेल तर जवळचं मोठं माणूस आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी यांच्यामार्फत करता येतो. लग्नात दिलेघेतलेले पैसे-दागिने परत करण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकतं, आणि मुलीला तिचं दुसरं लग्न होईपर्यंत पोटगी मागता येते. जोधपूरमध्ये एका वर्षाची असताना लग्न लागलेल्या मुलीने २०१२ साली असा निकाल मिळवला आणि तो देशभर गाजला.

लग्नाचा प्रश्न नसेल तेव्हा काय? समजा, परळची सतरा वर्षांची एक मुलगी आहे. वडील रोज दारू पिऊन मारतात, कॉलेजची फी त्यांनी पिऊन उडवली आहे, आई गप्प बसते. मुलगी एका रात्री कपड्यांची पिशवी घेऊन दादरच्या मैत्रिणीकडे जाते. वडील पोलिसांत हरवल्याची तक्रार देतात. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हरवलेल्या प्रत्येक अल्पवयीन मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवला जातो, आणि तो अपहरणाचा असतो. आता चौकीत बोलावणं येतं ते मैत्रिणीच्या आईला. मुलगी स्वतःहून गेली होती, मैत्रिणीच्या आईने फक्त जेवू घातलं आणि झोपायला गादी दिली, हे कोर्टात टिकू शकतं. घरातून स्वतःच्या मर्जीने निघालेल्या जाणत्या मुलीला 'पळवून नेलं' असं म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या वरदराजन खटल्यात सांगितलं आहे. पण ते सिद्ध होईपर्यंत त्या घराची दैना होते. आणि मुलगी एखाद्या मुलाबरोबर गेली असेल, तर पॉक्सो कायद्यापुढे तिच्या होकाराला काही किंमत उरत नाही.

म्हणून ओळखीच्या घरी जाण्याआधी मुलीने आणखी एक दार ठोठावायला हवं, आणि ते वकिलाशिवाय उघडतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समिती नेमली आहे: एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. मुलाला समितीपुढे कोण आणू शकतं याची यादी कायद्यात आहे: पोलीस, डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, आणि खुद्द ते मूल. मुलाचा हा उल्लेख फार थोड्यांना माहीत आहे. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या पायाने समितीपुढे जाऊन 'मला या घरात मारतात' असं सांगू शकते. मुद्रांक नको, फी नको, वकील नको. समिती बसलेली नसेल तर एकट्या सदस्यापुढेही जाता येतं.

काय बोलायचं, हे मात्र नीट ठरवून जावं. 'मला मोठं समजा, मला एकटीला राहू द्या' असं म्हटलं तर समितीच्या हातात तसा अधिकार नाही. कायदा ऐकतो ते वेगळं वाक्य: 'ज्यांच्या ताब्यात मी आहे, ते मला सांभाळायला लायक नाहीत.' मारहाण, उपासमार, जबरदस्तीने कामाला जुंपणं, लग्न लावून देण्याची तयारी, यांतलं काहीही असेल, तर मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' ठरतं. तारीखवार लिहिलेलं एक पान, दवाखान्याचा केसपेपर, शाळेतल्या बाईंना माहीत असेल तर त्यांचं नाव, एवढं पुरतं. वयाचा पुरावा म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. घरातून निघताना ट्रंकेतला हा एक कागद आठवणीने घ्यावा.

समिती चौकशी लावते, समाजसेवक घरी जाऊन अहवाल देतो, आणि चार महिन्यांत निर्णय व्हावा असं कायदा सांगतो. निर्णय अनेक तऱ्हेचे असू शकतात. देखरेखीखाली घरीच परत, मामा-मावशीसारख्या योग्य व्यक्तीकडे, किंवा बालगृहात. मुलीला जे मिळतं ते स्वातंत्र्य नसतं. पालक बदलून मिळतो. हा फरक आधीच कळला तर अपेक्षाभंग टळतो.

आणि मग येते भीती. मुंबईत ती एका शब्दात सांगतात: डोंगरी. 'रिमांड होममध्ये टाकीन' ही धमकी गिरगावापासून लालबागपर्यंतच्या मुलांनी ऐकलेली आहे. डोंगरीच्या रिमांड होमची उमरखाडीतली ही वास्तू पूर्वी तुरुंगच होती. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी इथेच १०१ दिवस काढले, आणि पुढे संमतिवयाच्या वादात, म्हणजे मुलीच्या वयाच्याच प्रश्नावर, दोघं एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले. १९२४ च्या मुंबई बालक कायद्यानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि तुरुंगाच्या या भिंतींआड मुलं राहू लागली. मुंबई शहराची बालकल्याण समिती याच आवारात बसत आली आहे. मार खाऊन आलेल्या मुलीला जुन्या तुरुंगाच्या फाटकातून आत जावं लागावं, हे बरोबर नाही. दादर किंवा परळमधल्या एखाद्या पालिका शाळेच्या खोलीत ही समिती आठवड्यातून एक दिवस बसली, तर कितीतरी मुलं आपणहून येतील. तरीही मुलांना एक गोष्ट कोणीतरी स्पष्ट सांगायला हवी: गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं आणि आसरा हवा असलेल्यांसाठी बालगृह. कायद्याने ही दोन घरं वेगळी ठेवलेली आहेत. समितीपुढे गेलेल्या मुलीवर कसलाही डाग लागत नाही, आणि तिचं नाव छापणं हा गुन्हा आहे.

डोंगरीपर्यंत जायचं धाडस होत नसेल तर फोन आहे. १०९८ हा क्रमांक मुंबईतच जन्मला. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइन सुरू केली, ती रेल्वे स्टेशनांवर आणि फुटपाथवर राहणाऱ्या मुलांसाठी. दहा-नऊ-आठ असा उलटा मोजला की लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलाच्याही लक्षात राहतो. २०२३ पासून तो सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेला आहे.

आता वकिलाबद्दल. मुलांना वाटतं वकील म्हणजे हजारोंची फी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाप श्रीमंत असला तरी मिळतो. राष्ट्रीय मदतक्रमांक १५१०० आहे. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं, लिहून घेणं हे त्यांचं काम आहे. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात तर पक्षकाराने स्वतः बोलावं हाच नियम आहे. तिथे वकील उभा करणं हा हक्क म्हणून मागता येत नाही, परवानगी घ्यावी लागते.

दिवाणी दावा लावायचा असेल, उदाहरणार्थ बाप वारल्यावर चुलत्याने मुलाच्या वाट्याची जमीन विकायला काढली असेल, तर अल्पवयीन मुलाला 'वादमित्र' लागतो. शब्द गोड आहे आणि अर्थही सोपा: ज्याचं हित मुलाच्या विरुद्ध नाही असं कुठलंही शहाणं, सज्ञान माणूस. आत्या चालते, रात्रशाळेतले सर चालतात. हिंदू कायद्याप्रमाणे अल्पवयीनाची स्थावर मालमत्ता नैसर्गिक पालकालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकलीच असेल, तर मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत तो व्यवहार कोर्टात रद्द करून घेता येतो. किती मुलांची तीन वर्षं ही गोष्ट माहीत नसल्यामुळे निघून गेली असतील! एकविसावा वाढदिवस उलटला की ते दार बंद होतं. लालबागच्या पोरांनी अठराव्या वाढदिवसाला केक कापण्याआधी सातबारा ऑनलाइन काढून बघावा, असं कोणीतरी मंडळाच्या फळ्यावर लिहायला हवं.

त्या दिवशी करायची आणखी एक गोष्ट आहे. अठरा पूर्ण झाली म्हणून ती तीन अक्षरं आपोआप पुसली जात नाहीत. कित्येक उताऱ्यांवर पन्नाशीच्या माणसाच्या नावापुढे आजही अ.पा.क. आई असं असतं, आणि आई जाऊन वीस वर्षं झालेली असतात. मग जमीन विकताना किंवा कर्ज काढताना काम अडतं. शेरा काढायला वकील लागत नाही. गावच्या तलाठ्याकडे साधा अर्ज, सोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला आणि आधारची प्रत. तलाठी फेरफार नोंद घालतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. त्यासाठी दादरहून रात्रीची कोकणची गाडी धरावी लागते, दुसऱ्या दिवशी तलाठी सजेवर असेल की तालुक्याला गेला असेल याची चौकशी आदल्या दिवशी गावातल्या कोणाला तरी फोन करून करावी लागते. अर्जाखाली पहिल्यांदाच फक्त स्वतःची सही असते. नोंद मंजूर झाली की नव्या उताऱ्यावर त्या नावापुढे काहीच उरत नाही.